कोळसा, पोलाद आणि मोने

मोने हे आडनाव छापलेलं दिसलं की मराठी वाचकाला कोकणातलं एखादं आगर आठवणार, नाही तर पार्ल्यातली एखादी जुनी इमारत. मी आज ज्या मोन्यांबद्दल लिहितो आहे ते मात्र फ्रान्समधल्या कोन्याक गावचे. घरचा धंदा ब्रँडीचा. झाँ मोने हे त्यांचं नाव. आज २७ देशांचा जो युरोपीय संघ उभा आहे, त्याचा पहिला कच्चा खर्डा या गृहस्थांच्या टेबलावर तयार झाला. त्यांनी आयुष्यात एकही निवडणूक लढवली नाही. पदवी नाही, शाळासुद्धा धड पुरी केलेली नाही. सभेत उभं राहून बोलायचं म्हटलं की आवाज फुटत नसे. तरीही फ्रान्सने त्यांना आपल्या थोर पुरुषांच्या स्मारकात, पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, जागा दिली.

हयातभर बँकेत काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे चरित्र जवळचं वाटतं त्याचं कारण सांगतो. प्रत्येक मोठ्या कचेरीत एक माणूस असा असतो की जो सही करत नाही, पण ज्या कागदावर सही व्हायची तो कागद त्याचाच असतो. संचालक मंडळाच्या बैठकीत तो भिंतीकडेच्या खुर्चीवर बसतो. फोटोत येत नाही. मोने ही या जातीतली सर्वांत मोठी असामी.

जन्म ९ नोव्हेंबर १८८८ चा. वडील लहान द्राक्षबागायतदारांच्या एकत्रित कंपनीचे प्रमुख. बडी कोन्याक घराणी एका बाजूला आणि हे छोटे बागायतदार एका बाजूला, असा तो सामना होता. सहकारी साखर कारखान्यांच्या प्रदेशात वाढलेल्या आपल्या वाचकांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. ब्रँडीचा धंदा हा धीराचा. ओकच्या पिंपात आज भरलेला माल पुढच्या पिढीने विकायचा. जेवणाच्या टेबलावर इंग्लंड-अमेरिकेहून आलेले व्यापारी बसलेले असायचे, आणि पोराच्या कानावर जगाच्या बाजारभावाच्या गोष्टी पडायच्या. सोळाव्या वर्षी झाँने शाळा सोडली. वडिलांनी त्याला इंग्रजी आणि व्यापार शिकायला दोन वर्षं लंडनला ठेवलं आणि अठराव्या वर्षी थेट कॅनडात पाठवून दिलं. जाताना बजावलं की पुस्तकं बरोबर नेऊ नकोस, खिडकीबाहेर बघ, माणसांशी बोल.

तिथे कॅल्गरीत घडलेला एक प्रसंग त्यांनी म्हातारपणी आठवणींत लिहून ठेवला आहे. गावाबाहेरच्या गिऱ्हाइकांकडे जायचं होतं. एका लोहाराला त्यांनी विचारलं, इथे वाहन काय मिळेल? लोहाराने आपला घोडाच पुढे केला आणि सांगितलं, काम झालं की आणून इथेच बांध. ओळख ना पाळख, अनामत ना पावती. कोन्याकमध्ये शेजाऱ्याच्या पिंपात किती माल आहे हे कुणी कुणाला सांगत नसे, आणि इथे परक्याच्या हातात लगाम! सुरुवातीलाच तारण मागण्याची सवय असलेल्या मला ही गोष्ट वाचताना थोडं अस्वस्थ व्हायला होतं. मोने यांना मात्र ती जन्मभर पुरली.

१९१४ च्या ऑगस्टात महायुद्ध सुरू झालं. प्रकृतीच्या कारणाने मोने यांना सैन्यात घेतलं गेलं नाही. त्यांना दिसत होतं ते वेगळंच. फ्रान्स आणि ब्रिटन खांद्याला खांदा लावून लढत होते, पण गहू घ्यायला, जहाजं भाड्याने घ्यायला बाजारात उतरले की एकमेकांवरच चढी बोली लावत होते. भाव वाढवणारा शत्रू नव्हता, मित्रच होता. हे कुणालातरी सांगायला हवं. पण सांगायचं कुणाला? कुटुंबाच्या ओळखीचे एक वकील पंतप्रधान व्हिव्हियानींना ओळखत होते. सरकार तेव्हा पॅरिस सोडून बोर्दोला आलं होतं, म्हणजे कोन्याकपासून फार लांब नव्हतं. सव्वीस वर्षंही पुरी न झालेला हा ब्रँडीविक्या पंतप्रधानांसमोर जाऊन बसला आणि म्हणणं पटवून लंडनला रवाना झाला. पुढे १९१६ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीची गव्हाची एकत्रित खरेदी करणारी समिती झाली, आणि युद्धाच्या शेवटच्या वर्षात दोस्तांच्या जहाजांचं वाटप एका परिषदेकडे गेलं. मोने या सगळ्याच्या आत होते. आर्थर सॉल्टर या ब्रिटिश अधिकाऱ्याशी त्यांची तिथे जमलेली दोस्ती पुढे दुसऱ्या महायुद्धातही कामाला आली.

युद्ध संपलं आणि समित्या बरखास्त झाल्या. जो तो आपापल्या गल्ल्यावर जाऊन बसला. मोने यांना राष्ट्रसंघाचे उपसरचिटणीस नेमलं गेलं तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. दिवाळखोर ऑस्ट्रियाला सावरण्याचं काम त्यांच्या काळात झालं, वरच्या सायलेशियाचा तंटा हाताळला गेला. पण राष्ट्रसंघाच्या मंडळात निर्णय एकमताने व्हायचा असा दंडक होता. एकाने मान हलवली नाही की सगळं ठप्प.

या एकमताची किंमत काय असते ते मी लहान प्रमाणात पाहिलेलं आहे. मोठ्या कारखान्याला पाच-सात बँका मिळून कर्ज देतात, त्याला आम्ही कन्सॉर्शियम म्हणतो. आजारी पडलेल्या एका गिरणीसाठी अशा बैठका मी दोन वर्षं भरवल्या. सगळ्यांना दिसत होतं की थोडा नवा पैसा घातला तर यंत्रं चालतील, पण दर वेळी एक बँक वरिष्ठांची संमती आलेली नाही असं सांगायची, आणि दर वेळी ती बँक वेगळी असायची. चहा-बिस्किटं होऊन पुढची तारीख पडायची. गिरणी बंद झाली तेव्हा सातही बँकांकडे आपलं काही चुकलं नाही हे सिद्ध करणारी टिपणं होती. मोने यांनी जिनिव्हात हेच पाहिलं, फक्त तिथे गिरणीच्या जागी सबंध युरोप होता.

१९२३ च्या शेवटी त्यांनी राजीनामा दिला. घरची कंपनी बुडायला आली होती. वडिलांचा जीव जुन्या, मुरलेल्या मालात अडकलेला, आणि बाजार मागत होता स्वस्त, ताजा माल. मुलाने बापाला समजावून ती जुनी पिंपं मोकळी करायला लावली. कंपनी वाचली. बापाला काय वाटलं असेल याची कल्पना कादंबरीकार म्हणून मी करू शकतो, पण इथे करत नाही.

मग आला पैशाचा काळ. १९२६ पासून ब्लेअर अँड कंपनी या अमेरिकन गुंतवणूक बँकेचं पॅरिसचं काम त्यांच्याकडे होतं. पोलंडचा झ्लॉटी आणि रुमानियाचा लेऊ ही चलनं स्थिर करण्यासाठी जी आंतरराष्ट्रीय कर्जं उभी राहिली त्यांत त्यांचा हात होता. पुढे ती बँक कॅलिफोर्नियातल्या जियानिनींच्या ट्रान्सअमेरिकाशी जोडली गेली, मोने वरच्या खुर्चीवर जाऊन बसले, आणि १९२९ ची मंदी आली. जियानिनींशी झालेल्या झगड्यात त्यांचा गट हरला. कमावलेलं सगळं जवळजवळ तितक्याच वेगाने गेलं. त्यानंतर स्वीडनच्या क्रूगर या आगपेटी-सम्राटाने १९३२ मध्ये पॅरिसात आत्महत्या केली, तेव्हा त्याच्या कोसळलेल्या साम्राज्याची आवराआवर करणाऱ्यांत हे होते. मग शांघाय. चीनचे माजी अर्थमंत्री टी. व्ही. सूंग यांच्याबरोबर त्यांनी तिथे एक वित्तसंस्था उभी केली, रेल्वेसाठी भांडवल जमवायला. हा दहा वर्षांचा कालखंड चरित्रकार भरभर उरकतात. मला तसं वाटत नाही. आपल्या नावावर काही नसलेला माणूस दुसऱ्यांच्या पैशाने, दुसऱ्यांच्या सह्यांनी काम कसं उभं करतो याची तालीम इथे झाली.

याच वर्षांत त्यांच्या आयुष्यात सिल्व्हिया आल्या. १९२९ च्या ऑगस्टात पॅरिसात एका जेवणाच्या वेळी गाठ पडली. त्या इटालियन, चित्रकार, वयाने जवळजवळ वीस वर्षांनी लहान, आणि विवाहित. नवराही मोने यांच्याच कामातला. इटलीत घटस्फोट नव्हता. १९३१ मध्ये सिल्व्हियांना मुलगी झाली, आणि तिच्या ताब्यावरून कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. युरोप-अमेरिकेतल्या वकिलांकडे उपाय नव्हता. शेवटी १९३४ च्या नोव्हेंबरात सिल्व्हिया मॉस्कोला गेल्या, सोव्हिएत नागरिकत्व घेतलं, तिथल्या कायद्याने पहिला विवाह संपवला आणि तिथेच मोने यांच्याशी लग्न लावलं. नवरदेव चीनहून सैबेरियामार्गे रेल्वेने आले होते! भांडवलदारांच्या बँकेतल्या माणसाचं लग्न स्टालिनच्या राजधानीत व्हावं, हे कादंबरीत लिहिलं तर संपादक परत पाठवील. पण या गोष्टीत हसण्यासारखं थोडंच आहे. एका देशाचा कायदा त्याच्या सीमेपलीकडे लागू पडत नाही म्हणून एका बाईला आपली मुलगी जपण्यासाठी देशोदेशी फिरावं लागलं. शांघायमध्ये पहिल्या नवऱ्याने मुलीचा ताबा मागितला तेव्हा तिने सोव्हिएत वकिलातीत आसरा घेतला होता. राष्ट्रांच्या सार्वभौमत्वाची जी किंमत मोने पुढे सांगत राहिले, ती त्यांच्या घरात आधीच चुकती झालेली होती.

१९३८ मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए यांनी त्यांना अमेरिकेत रूझवेल्टांकडे विमानं विकत घ्यायला धाडलं. युद्ध पेटल्यावर लंडनमध्ये फ्रान्स-ब्रिटन समन्वय समितीचे ते अध्यक्ष झाले. म्हणजे १९१४ चंच काम, पण या वेळी पहिल्या वर्षातच. तरीही उशीर झाला. जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसात शिरल्या आणि सरकार पुन्हा एकदा बोर्दोला पळालं. त्या आठवड्यात मोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अचाट मसुदा केला. फ्रान्स आणि ब्रिटन ही दोन राष्ट्रं यापुढे एक असतील, एक मंत्रिमंडळ, एक संसद, प्रत्येक फ्रेंच माणूस ब्रिटिश नागरिक आणि प्रत्येक ब्रिटिश माणूस फ्रेंच. चर्चिलना प्रथम हे वेडेपण वाटलं, पण १६ जूनला त्यांच्या मंत्रिमंडळाने ते मंजूर केलं. द गॉल तेव्हा लंडनमध्ये होते, त्यांनी तो मजकूर टेलिफोनवरून बोर्दोला पंतप्रधान रेनो यांना वाचून दाखवला. फ्रेंच मंत्रिमंडळाने तो झिडकारला. त्याच रात्री रेनो गेले आणि पेतँ आले. शतकांच्या दोन वैऱ्यांचं लग्न एका संध्याकाळी ठरून त्याच संध्याकाळी मोडलं.

द गॉल लंडनमध्ये राहून झेंडा उभारणार होते. मोने यांना ते पटलं नाही. परक्या राजधानीत बसून फ्रान्सच्या नावाने बोलणारी संस्था फ्रान्समध्ये परकी वाटेल, असं त्यांचं मत होतं. त्यांनी चर्चिलना पत्र लिहून आपली सेवा देऊ केली, आणि चर्चिलनी त्यांच्या फ्रेंच पासपोर्टवर स्वतःच्या हाताने सही केली. हा फ्रेंच माणूस ब्रिटनचा अधिकारी म्हणून वॉशिंग्टनला गेला. तिथे त्यांनी जे केलं ते कुठल्याही बँकवाल्याला आवडावं. त्यांनी ताळेबंद मागितला. हिटलरला हरवायला किती विमानं, किती रणगाडे, किती जहाजं लागतील ते एका रकान्यात. ब्रिटन आणि अमेरिका मिळून किती बनवू शकतात ते दुसऱ्या रकान्यात. आणि मधली तूट तिसऱ्या. तोवर प्रत्येक खातं आपल्याला जमेल तेवढं करत होतं आणि एकूण बेरीज कुणीच मांडली नव्हती. ती मांडल्यावर तूट इतकी मोठी दिसली की अमेरिकन उत्पादनाची उद्दिष्टं बदलावी लागली. मोने यांच्या या खटपटीमुळे युद्ध एक वर्ष आधी संपलं असं अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचं मत होतं म्हणतात. वर्ष की सहा महिने हा वाद मी घालत नाही.

१९४३ मध्ये ते अल्जिअर्सला होते, जनरल जिरो आणि द गॉल यांची मोट बांधायला. मोट बांधली गेली आणि तिच्यात शेवटी एकटे द गॉलच उरले, हा भाग निराळा. तिथेच ऑगस्टमध्ये केलेल्या एका टिपणात त्यांनी लिहून ठेवलं की युद्धानंतर युरोपातली राज्यं पुन्हा आपापल्या सार्वभौमत्वाच्या भिंतीआड बसली तर शांतता टिकणार नाही. १९४६ मध्ये ते फ्रान्सच्या पुनर्बांधणीच्या योजनेचे पहिले आयुक्त झाले. कोळसा, वीज, पोलाद, सिमेंट, शेतीची यंत्रं आणि वाहतूक, एवढ्याच गोष्टी आधी. मालक, कामगार आणि सरकारी अधिकारी एका टेबलाभोवती. कचेरी छोटी, माणसं मोजकी. त्यांनी आग्रहाने एकच गोष्ट मागून घेतली होती, की आपण थेट पंतप्रधानांना जबाबदार राहू, कुठल्याही मंत्र्याच्या हाताखाली नाही. नोकरशाहीत मुरलेला वाचक या अटीचं मोल जाणेल.

आता १९५०. इथे जरा थांबतो, कारण सगळं या काही आठवड्यांतच घडलं.

जर्मनी पुन्हा उभा राहत होता. रूरचा कोळसा आणि पोलाद ही त्याची ताकद, आणि तीच फ्रान्सची भीती. या दोन देशांनी ७० वर्षांत तीन युद्धं लढली होती, आणि तोफ ओतायला लागतं ते पोलाद आणि पोलादाला लागतो तो कोळसा सीमेच्या आसपासच आहे. फ्रान्सला रूरवर अंकुश हवा होता, जर्मनीला तो सहन होत नव्हता, अमेरिका आणि ब्रिटन फ्रान्सला विचारत होते की जर्मनीचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांना मेच्या दुसऱ्या आठवड्यात लंडनच्या बैठकीत उत्तर द्यायचं होतं आणि उत्तर नव्हतं. मोने मार्चमध्ये दोन आठवडे आल्प्समध्ये पायी भटकायला गेले होते. रोज सकाळी लांब चालायची त्यांना सवयच होती, आणि ठरवायचं ते चालतानाच ठरायचं. परत आल्यावर कायद्याचे प्राध्यापक पोल रूतेर आणि आपले सहकारी एतिएन इर्श व पिएर युरी यांना घेऊन ते लिहायला बसले. नऊ खर्डे झाले. मागणी एका वाक्यात सांगण्याजोगी होती: दोन्ही देशांचा सगळा कोळसा आणि सगळं पोलाद एका सामाईक, स्वतंत्र अधिकारमंडळाकडे द्यावं, त्याचे निर्णय दोघांवरही बंधनकारक असावेत, आणि इतर देशांना दार उघडं ठेवावं.

यातली खुबी बघा. रूरवर फ्रान्सने लगाम घालावा असं कुणी म्हणत नव्हतं. दोघांनीही आपला लगाम तिसऱ्याच्या हातात द्यायचा होता. जेत्याने स्वतःवर तीच अट घालून घ्यायची म्हटल्यावर पराभूताला मान खाली घालावी लागत नाही. आणि विषय किती साधा! झेंडा नाही, राष्ट्रगीत नाही, सैन्य नाही. कोळसा आणि पोलाद, म्हणजे टनांत मोजायच्या वस्तू.

कागद आधी पंतप्रधान बिदो यांच्याकडे गेला, त्यांच्या टेबलावर तो तसाच पडून राहिला. शुमान यांचे सहायक क्लापिए यांनी तो शुमान यांच्या हाती दिला तो रेल्वे स्टेशनवर, शनिवार-रविवारच्या सुटीसाठी ते मेत्झजवळच्या आपल्या घरी निघालेले असताना. सोमवारी परत उतरले ते होकार घेऊन. शुमान हे लॉरेनचे. जन्म लक्झेंबर्गचा, तरुणपणी जर्मन नागरिक, मग सीमारेषा सरकली आणि फ्रेंच झाले. जर्मन चान्सलर आडेनावर ऱ्हाइनकाठचे. इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी हे ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात वाढलेले आणि व्हिएन्नाच्या संसदेत बसलेले. तिघेही सीमेवरची माणसं, आणि तिघांनाही जर्मन येत होतं. मला नेहमी वाटतं की राजधानीत जन्मलेल्या तिघांना हे सुचलं नसतं आणि पटलंही नसतं.

९ मेच्या सकाळी शुमान यांचा दूत बॉनमध्ये आडेनावर यांना गाठत होता, आणि पॅरिसात मंत्रिमंडळाची बैठक चालू होती. होकार येईपर्यंत शुमान गप्प. बैठक उठायच्या बेताला आली तेव्हा बॉनचा निरोप पोहोचला आणि विषय मांडला गेला. संध्याकाळी सहाला परराष्ट्र खात्याच्या घड्याळ-दालनात शुमान यांनी, बारीक आणि रडवेल्या आवाजात, तो मजकूर वाचला. घाई इतकी की छायाचित्रकार बोलावलेच गेले नव्हते. वाचनाचा जो फोटो आज पुस्तकांत दिसतो तो नंतर पुन्हा बसवून काढलेला आहे. ९ मे हा आज युरोप दिन म्हणून पाळला जातो.

ब्रिटनला आधी कळवलं नव्हतं, म्हणून परराष्ट्रमंत्री बेविन संतापले. मोने लंडनला गेले, मिनतवाऱ्या केल्या, पण आधी तत्त्व मान्य करा आणि मग वाटाघाटी, ही अट त्यांनी सोडली नाही. ब्रिटन बाहेर राहिला. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहांनी १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसात करारावर सह्या केल्या. मोने यांच्या खर्ड्यात नसलेली एक गोष्ट त्यात शिरली होती. लहान देशांना, विशेषतः डचांना, या नव्या अधिकारमंडळाची धास्ती वाटली, म्हणून त्यांनी सरकारांच्या मंत्र्यांची परिषद घालून घेतली. शिवाय सहा संसदांतून आलेल्या प्रतिनिधींची सभा आणि एक न्यायालय. आजच्या संघाचे चारही खांब, म्हणजे आयोग, मंत्रिपरिषद, संसद आणि न्यायालय, यांचं मूळ या करारात आहे. त्यातला सगळ्यांत बळकट खांब मोने यांना नको असलेला निघाला, असं आज मागे वळून पाहताना वाटतं.

ऑगस्ट १९५२ मध्ये लक्झेंबर्गला रेल्वेच्या इमारतीत नऊ जणांचं उच्च प्राधिकरण बसलं, मोने अध्यक्ष. भाषा चार, हिशेबाच्या पद्धती सहा. पण त्यांना एक अधिकार असा होता की जो राष्ट्रसंघाला कधी मिळाला नाही: कर. कोळसा आणि पोलादाच्या प्रत्येक टनावर, मूल्याच्या एक टक्क्याच्या मर्यादेत, सरकारांना न विचारता थेट कारखान्यांकडून वसूल व्हायचा. ज्या संस्थेला दरवर्षी वर्गणीसाठी सभासदांपुढे हात पसरावा लागतो तिचा कणा किती ताठ राहतो ते आपण गावच्या वाचनालयापासून पाहत आलो आहोत. या स्वतःच्या उत्पन्नामुळे प्राधिकरणाची पत तयार झाली, आणि १९५४ मध्ये अमेरिकेने त्याला १० कोटी डॉलरचं कर्ज दिलं. ज्याला सैन्य नाही, पोलीस नाही, भूमी नाही, त्याला इतकं मोठं कर्ज! कर्जदाराची पात्रता तपासणाऱ्या माझ्या जुन्या मनाला हा या सबंध कथेतला सर्वांत धीट क्षण वाटतो. १९५३ च्या फेब्रुवारीत कोळशाची आणि मेमध्ये पोलादाची सामाईक बाजारपेठ खुली झाली.

मोने यांच्या टेबलावर कोन-टिकी तराफ्याचं छायाचित्र असे. वाऱ्यावर आणि प्रवाहावर सोडलेला हा तराफा, माघारी फिरता येत नाही, पुढेच जायचं; पाहुण्यांना ते तो कौतुकाने दाखवत.

पण प्रवाह नेहमी अनुकूल नसतो. कोरियाचं युद्ध भडकल्यावर जर्मनांना पुन्हा शस्त्रं द्यायची वेळ आली, तेव्हा मोने यांनी एका युरोपीय सैन्याची कल्पना पुढे केली. तह झाला, सह्या झाल्या, आणि ३० ऑगस्ट १९५४ रोजी त्यांच्याच देशाच्या संसदेने तो कामकाजाच्या एका ठरावाच्या आडून गाडला. विरोधी खासदार उभे राहून राष्ट्रगीत गायले. कोळशाला जे चाललं ते सैनिकाच्या गणवेशाला चाललं नाही. मोने यांनी अध्यक्षपद सोडायचं ठरवलं, कारण प्राधिकरणावर बसून सरकारांवर दबाव आणता येत नाही. ६६ व्या वर्षी त्यांनी पॅरिसात एक कृती समिती काढली. सहा देशांतले राजकीय पक्ष आणि कामगार संघटना तिचे सभासद. कम्युनिस्ट आणि गॉलवादी बाहेर. कोळसा-पोलाद कराराच्या विरोधात मत दिलेल्या जर्मन समाजवाद्यांना त्यांनी या टेबलावर आणून बसवलं, हे या समितीचं मोठं यश. १९५७ मध्ये रोमचा तह झाला, त्यातून सामाईक बाजारपेठ आणि अणुऊर्जा समुदाय अशी जुळी भावंडं जन्मली. मोने यांचा जीव अणुऊर्जेवर होता. ते मूल अशक्त निघालं आणि बाजारपेठेने बाळसं धरलं.

पुढची दहा-बारा वर्षं द गॉल यांच्याशी झुंज. जनरलना राष्ट्रांचा युरोप हवा होता, राष्ट्रांच्या वरचा नको होता. १९६३ आणि १९६७ मध्ये त्यांनी ब्रिटनला दारातूनच परत लावलं, १९६५ मध्ये ब्रुसेल्समधली फ्रान्सची खुर्ची सहा महिने रिकामी ठेवली, आणि १९६६ च्या तडजोडीत महत्त्वाच्या प्रश्नावर एकमताचा आग्रह धरायची वाट मोकळी करून घेतली. म्हणजे जिनिव्हाचं भूत मागच्या दाराने आत. मोने भांडले नाहीत. पत्रं लिहीत राहिले, फोन करत राहिले. द गॉल गेल्यावर ब्रिटन १९७३ मध्ये आत आला. त्याच ब्रिटनने २०१६ मध्ये सार्वमत घेतलं आणि ३१ जानेवारी २०२० ला संघ सोडला, ही आपल्या डोळ्यांदेखतची गोष्ट.

मोने यांच्यावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप खोटा नाही. त्यांनी युरोप बांधला तो वरून, बंद खोलीत, मूठभर हुशार माणसांच्या मदतीने. लोकांना विचारलं नाही. लोकांना फायदा दिसला की संमती आपोआप येईल, असा त्यांचा हिशेब होता, आणि बराच काळ तो बरोबर आला. पण २००५ मध्ये युरोपच्या घटनेचा मसुदा लोकांपुढे मताला टाकला, तेव्हा फ्रान्सने आणि पाठोपाठ डचांनी नाही म्हटलं. संस्थापकांपैकीच दोघांनी! मला मोने यांच्याबद्दल आदर आहे, तरी मी हेही म्हणेन की ज्या माणसाला कधी मतं मागावी लागली नाहीत, त्याला मत न मिळण्याचं दुःख कळत नाही. तो शहाणा होता, म्हणून निभावलं. त्याच्या खुर्चीवर त्याच्याइतका शहाणा माणूस दर वेळी बसेल अशी तजवीज त्याच्या कागदांत नव्हती.

मे १९७५ मध्ये त्यांनी समिती आपणहून गुंडाळली. त्याच्या आदल्या वर्षी सिल्व्हियांचे पहिले पती वारले होते, आणि चाळीस वर्षांच्या संसारानंतर लूर्द इथे दोघांचं धार्मिक विधीने लग्न लागलं. नवरदेव ८५ वर्षांचे. १९७६ मध्ये नऊ देशांच्या प्रमुखांनी त्यांना युरोपचे मानद नागरिक ठरवलं. तोवर हा मान कुणाला मिळाला नव्हता, त्यानंतरही फक्त कोल आणि देलोर यांना मिळाला. १६ मार्च १९७९ रोजी पॅरिसजवळच्या उझारेच्या आपल्या गवती छपराच्या घरी ते गेले. तीन महिन्यांनी, जूनमध्ये, युरोपीय संसदेसाठी लोकांनी पहिल्यांदा थेट मतदान केलं. १९८८ मध्ये, त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी, त्यांचा देह गावच्या स्मशानातून पँथिऑनमध्ये हलवला गेला.

कोळसा-पोलाद कराराची मुदत ५० वर्षांची होती. २३ जुलै २००२ ला ती संपली आणि करार कुणी गाजावाजा न करता मिटला. टनामागे गोळा केलेल्या त्या करातून जो निधी शिल्लक राहिला होता, तो सभासदांत वाटला गेला नाही. तो संघाकडे वर्ग झाला, आणि त्याच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नातून कोळसा आणि पोलाद या विषयांवरच्या संशोधनाला पैसा देण्याची व्यवस्था करण्यात आली.